हिऱ्याचे वजन आणि संगणकाची भाषा

सुरतेच्या महिधरपुरा बाजारात हिऱ्यांचा व्यवहार कॅरटवर चालतो. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. काट्यावर दशांश चिन्हानंतर तीन अंक दिसले तरी वजन दोनच अंकांत लिहितात. हिरे-व्यवसायातील रूढ संकेत असा की, तिसरा अंक ९ असेल तरच वजन पुढच्या सेंटपर्यंत न्यावे. एरवी तो सोडून द्यावा. त्यामुळे ०.९९८ कॅरटचा हिरा ०.९९ चाच ठरतो. कॅरट पूर्ण होताच प्रतिकॅरट भावही चढतो. तेव्हा हा एक सेंट क्षुल्लक नव्हे.

हा हिशेब संगणकावर करावयाचा तर आज्ञावली कोणत्या भाषेत लिहावी? 'जी सर्वांत लोकप्रिय तिच्यात', असे उत्तर सहज मिळते. १९९१ साली प्रसिद्ध झालेली पायथन ही भाषा टायोबी या लोकप्रियता-सूचीत ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रथमच अग्रस्थानी आली. परंतु ही सूची शोधयंत्रांतील उल्लेख मोजते. हिशेबाची अचूकता नव्हे.

संगणक अपूर्णांक सामान्यतः द्विमान पद्धतीने साठवितो. एक तृतीयांश दशमान पद्धतीत लिहिताना ०.३३३ हे अंक जसे संपत नाहीत, तसेच द्विमान पद्धतीत ०.२९ चे होते. कोठे तरी तोडावेच लागते. परिणामी पायथन वा जावास्क्रिप्टमध्ये ०.२९ ला १०० ने गुणल्यास २९ हून किंचित कमी उत्तर येते. पुढचा अपूर्णांक टाकून दिला की उरतात २८ सेंट! विक्रेत्याचा एक सेंट गेला. उलट, शाळेतल्या रीतीने जवळच्या अंकापर्यंत वजन न्यावे, तर ०.९९८ चे १.०० होऊन भुर्दंड ग्राहकाला.

लहान चूक साचत जाते. व्हँकूवर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १,००० वर सुरू झाला. प्रत्येक फेरगणनेत तीन दशांशांपुढचे अंक छाटले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२५ च्या आसपास दिसत होता. दुरुस्तीनंतर तो सुमारे १,०९९ निघाला.

१९५९ साली आखणी सुरू झालेल्या कोबोल भाषेत दशमान हिशेबाची सोय मुळातच आहे. पायथनमध्येही ती २००४ पासून आहे, पण मुद्दाम मागावी लागते. याहून सोपा मार्ग म्हणजे काट्यावरील ०.२९० हे वजन सहस्रांशांत, २९० या पूर्णांकाच्या रूपाने नोंदविणे. त्यात १ मिळवून १० ने भागावे व बाकी सोडावी : २९ सेंट. ९९८ चे याच रीतीने ९९ होतात, आणि ९९९ चे १००. नवी आज्ञावली गल्ल्यावर बसविण्यापूर्वी ही तीन वजने तिला घालून पाहावीत.