पंधरा टक्के जास्तीचा तलाव

"तुमच्याच नकाशात तलाव जागच्या जागी आहे. मग अतिक्रमण झाले कुठे?"

तालुक्याच्या बैठकीत हा प्रश्न आला तेव्हा प्रस्तुत लेखिकेला उत्तर देता आले नाही. टेबलावर पसरलेला नकाशा तिनेच आणला होता. त्यावर तलावाचे क्षेत्र 45.8 हेक्टर छापले होते आणि जुन्या नोंदीत 46.4 हेक्टर. अर्ध्या-पाऊण हेक्टरच्या फरकावर कोण काय बोलणार? शेजारी बसलेले ढीवरांच्या मच्छीमार सोसायटीचे सर्वांत जुने सभासद हळू आवाजात एवढेच म्हणाले, "बाई, त्या मोहापासून आमी जाळं टाकत होतो. आता तिथं रोवणी होते." त्यांचे म्हणणे कामकाजात नोंदवले गेले नाही. नकाशातला आकडा नोंदवला गेला.

तो आकडा चुकीचा होता. तलाव प्रत्यक्षात 39.7 हेक्टर उरला होता. साडेसहा हेक्टरहून जास्त जागा धानाच्या बांध्यांत गेली होती, आणि जी संस्था हे सिद्ध करायला निघाली होती तिच्याच कागदाने ते झाकले.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या अशा मामा तलावांबद्दल वेगळे सांगायला नको. माजी मालगुजारी तलाव म्हणून ते सरकारजमा झाले, पण पाळ कोणी दुरुस्त करायची, पाणी सोडायचे तुडूम कोणी उघडायचे, पाणी ओसरल्यावरची गाळपेराची जमीन कोणाची, हे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. गावाकडे सामायिक हक्कांची नोंद असलेले निस्तार पत्रक असते, क्षेत्राचा आकडा असतो. आज पाणी कुठवर येते हे दाखवणारा नकाशा मात्र बहुतेक वेळा नसतो. तो हवा म्हणून लेखिकेच्या छोट्या संस्थेने एका सल्लागार कंपनीला 68,000 रुपये दिले. त्यातले बारा हजार सोसायटीच्या सभासदांनी मासळीच्या पैशातून काढून दिले होते. हा तपशील लेखिकेला आजही सोडत नाही.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, "हा डेटा सगळ्यांना मिळत नाही, मॅडम. सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते, आमच्याकडे ती आहे." लेखिकेने विश्वास ठेवला, कारण त्या भीतीला आधार होता. 2016 मध्ये भूस्थानिक माहितीच्या नियमनाचे जे विधेयक मसुद्याच्या रूपात आले, त्यात शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद अशा तरतुदी होत्या. तो मसुदा पुढे गेला नाही, पण सामाजिक कामातल्या लोकांच्या डोक्यात तो बसून राहिला. प्रत्यक्षात 15 फेब्रुवारी 2021 रोजी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक सूचना काढून भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी नकाशे आणि भूस्थानिक माहिती तयार करण्यावरची पूर्वपरवानगीची अट उठवली होती. लेखिकेशी बोलणे झाले ते त्यानंतर वर्षभराने. त्या माणसाचा धंदाच या क्षेत्रातला. त्याला हे ठाऊक नव्हते असे मानायला लेखिका तयार नाही.

बैठकीच्या रात्री तिने कंपनीने दिलेली फाइल पहिल्यांदा स्वतः उघडली. तोवर ती फक्त छापील नकाशा बघत आली होती. क्यूजीआयएस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर तिच्या भाच्याच्या लॅपटॉपवर होते. तलावांच्या थराचा तक्ता उघडला, आणि पहिल्याच स्तंभाचे शीर्षक होते ‘ओएसएम_आयडी’.

ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली. ओएसएम म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट याने इंग्लंडमध्ये सुरू केलेला, जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेला खुला नकाशा. ज्या तलावासाठी पैसे मोजले, त्याची बाह्यरेषा कुणीतरी अनोळखी माणसाने उपग्रहचित्रावर बोटाने गिरवावी तशी आखून कधीच सगळ्यांसाठी ठेवून दिली होती. परवानगी, गोपनीयता, सर्वेक्षण विभाग, यातले काहीच त्यात नव्हते.

मग तिने थराचे गुणधर्म उघडले. प्रक्षेपणाच्या जागी लिहिले होते: ईपीएसजी 3857. म्हणजे वेब मर्केटर.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण सगळे नुकसान या चार आकड्यांत आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना काहीतरी ताणले जाते. फोनवरचे रस्त्यांचे नकाशे ज्या वेब मर्केटर पद्धतीवर चालतात, तिच्यात विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे क्षेत्र फुगते. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर ही फुगवण अकरा-बारा टक्के असते. भंडाऱ्याच्या, म्हणजे एकवीस अंशांच्या आसपास ती पंधरा टक्क्यांवर जाते. रस्ता शोधायला त्याने काही बिघडत नाही. जमीन मोजायला ही पद्धत वापरणे म्हणजे ताणलेल्या रबराच्या टेपने मोजणे. 39.7 हेक्टरचा तलाव 45.8 हेक्टर झाला तो असा, आणि योगायोगाने जुन्या नोंदीच्या आकड्याला जाऊन भिडला.

दुरुस्तीला तिला दहा मिनिटे लागली. थर यूटीएम या मोजणीला योग्य प्रक्षेपणात बदलायचा आणि क्षेत्र पुन्हा काढायचे. एवढेच. दहा मिनिटांचे हे काम 68,000 रुपयांत बसले नव्हते.

कंपनीला तिने त्याच रात्री लिहिले. उत्तर आले ते असे, की क्षेत्रफळ हे ‘सूचक’ असते आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर तसे छापले आहे. छापले होते, बारीक अक्षरांत. पुढच्या दोन पत्रांना उत्तर नाही. फोन उचलणारा माणूस बदलला.

न्याय्य बोलायचे तर ओपनस्ट्रीटमॅपची माहिती विकणे हा गुन्हा नाही. 2012 पासून ती ज्या परवान्याखाली आहे, तो व्यावसायिक वापरालाही मोकळीक देतो. अट इतकीच, की श्रेय द्यावे आणि सुधारित माहितीसंच लोकांपुढे ठेवला तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा. कंपनीने श्रेयाची ओळ पुसली आणि खुली वस्तू बंदिस्त म्हणून दिली. लेखिकेचा राग त्यासाठी आहे.

पुढच्या काही महिन्यांत तिने हे सगळे स्वतः शोधले. ज्यांना गावाचा, वनहक्काचा किंवा पाणलोटाचा नकाशा करायचा आहे, त्यांच्यासाठी ती हे लिहिते आहे.

डेटा विकत घेण्याआधी तो कशापासून बनवला हे लेखी मागावे: मूळ स्रोत, चित्राची तारीख, प्रक्षेपण, परवाना. या चार गोष्टी देता येत नसतील तर पैसे देऊ नयेत. फाइल हातात येईल तेव्हा सर्वांत आधी तक्त्यातल्या स्तंभांची नावे वाचावीत. माहिती कुठून उचलली हे ती नावेच सांगतात. शेपफाइल असेल तर सोबतची ‘पीआरजे’ फाइल आहे का ते पाहावे. ती नसेल तर प्रक्षेपण कोणते हे अंदाजाने ठरवावे लागते. स्तंभांची नावे दहा अक्षरांत कापली जातात, आणि देवनागरी गावनावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसू लागली तर बहुधा अक्षरसंकेत सांगणारी ‘सीपीजी’ फाइल हरवलेली असते. जमेल तिथे जिओपॅकेज मागावे. सगळे एकाच फाइलीत राहते.

महाराष्ट्र दोन यूटीएम पट्ट्यांत पडतो हे कुणी सांगत नाही. 78 अंश रेखांशाच्या पश्चिमेला पट्टा 43, पूर्वेला 44. अमरावती 43 मध्ये, वर्धा, नागपूर, भंडारा 44 मध्ये. पुण्यात बसून काम करणारे सवयीने सगळीकडे 43 लावतात. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्र काढताना ‘डॉलर-एरिया’ हे सूत्र प्रकल्पात निवडलेल्या पृथ्वीच्या लंबगोलानुसार मोजते, तर नुसते ‘एरिया’ थराच्या सपाट प्रक्षेपणात मोजते. कंपनीचा आकडा दुसऱ्या सूत्रातून आला होता, हे तिने दोन्ही चालवून पडताळले.

जुने टोपोशीट जवळ असेल तर फार काळजी घ्यावी. भंडारा शहर जुन्या क्रमांकांत 55 ओ/12 या शीटवर येते. या शीट एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेल्या आहेत. जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर चालते. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर आपल्याकडे शंभर मीटरहून अधिक सरक पडते आणि तलाव शेजारच्याच्या बांधीत जाऊन बसतो. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतरची ओपन सिरीज डब्ल्यूजीएस 84 वर आहे. तिचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. तिथूनच सुरुवात करावी.

उंचीच्या बाबतीतही असाच खड्डा आहे. इस्रोच्या हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भुवन’ 2009 पासून चालू आहे आणि कार्टोसॅट-1 वरून बनवलेले कार्टोडेम तिथे मिळते. अमेरिकेच्या एसआरटीएमची उंचीची माहिती फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानातून अकरा दिवसांत गोळा झाली. आज ती 30 मीटरच्या तपशिलात खुली आहे. दोन्ही चांगल्या. पण एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीच्या जवळ जाणाऱ्या जिऑइड पृष्ठावरून मोजलेली, कार्टोडेमची गणिती लंबगोलावरून. आपल्या भागात दोहोंत साठ मीटरच्या आसपास अंतर पडते. कंपनीच्या समोच्च रेषांमध्ये गाव खऱ्या उंचीपेक्षा इतकेच खाली गेले होते, आणि कुणाच्या लक्षात आले नव्हते.

पाण्याचा पसरा बघायला युरोपचे सेंटिनेल-2 सर्वांत उपयोगी. दहा मीटरचा चौकोन, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी चित्र, तेही फुकट. लँडसॅटची चित्रे 1972 पासूनची आहेत आणि 2008 पासून मोफत, पण त्यांचा आजचा चौकोन 30 मीटरचा. एक हेक्टरची बोडी, म्हणजे छोटे तळे, लँडसॅटमध्ये जेमतेम अकरा चौकोनांत बसते, सेंटिनेलमध्ये शंभरांत. म्हणून बोड्यांसाठी सेंटिनेल, आणि चाळीस वर्षांचा इतिहास हवा असेल तर लँडसॅटवर बेतलेला, 1984 पासूनचा जागतिक जलपृष्ठ संच. एक अट पाळावी: तुलना एकाच हंगामातल्या चित्रांची करावी. मे महिन्यातले आणि ऑक्टोबरातले चित्र शेजारी ठेवून ‘तलाव आटला’ म्हणणारे अहवाल लेखिकेने पाहिले आहेत, आणि समोरचा पक्ष तेवढ्यावर सगळा दावा उडवून लावतो. बेशरमाची झुडपे वाढलेला काठ उपग्रहाला पाणी म्हणून दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यावर पायी फिरण्यावाचून उपाय नाही.

गावांच्या सीमा सर्वांत त्रासदायक. गोंदिया 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, पालघर 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून. 2011 च्या जनगणनेत राज्याचे 35 जिल्हे होते, आता 36 आहेत. नावावरून जुळवाजुळव करू नये, एकाच तालुक्यात एकाच नावाची दोन गावे निघतात. जनगणनेचा गावसंकेतांक वापरावा आणि तो कोणत्या वर्षाचा आहे हे लिहून ठेवावे. डेटामीट या स्वयंसेवी गटाने जमवलेल्या सीमा उपयोगी पडतात. गटनंबरसाठी राज्याचे महाभूनकाशा संकेतस्थळ आहे, पण ते बघण्यासाठी; हद्दीच्या वादात भूमी अभिलेख खात्याची मोजणीच चालते. खडकांसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे भूकोश, ग्रामीण रस्त्यांसाठी ग्रामसडक योजनेची माहिती, नद्या-धरणांसाठी इंडिया-डब्ल्यूआरआयएस.

आणि परदेशी संचांतून देशाची सीमा उचलून छापू नये. सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी भारताची सीमा प्रसिद्ध केली तर 1961 च्या फौजदारी दुरुस्ती कायद्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कंपनीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर कोपऱ्यातला छोटा भारत असाच परक्या संचातून आला होता. त्या मुखपृष्ठावर नाव लेखिकेच्या संस्थेचे होते.

केंद्राच्या पहिल्या जलसाठा गणनेचा अहवाल 2023 मध्ये आला. त्यात देशभरात 24,24,540 जलसाठे मोजले गेले आणि 38,496 अतिक्रमित दाखवले गेले. तो दुसरा आकडा वाचताना लेखिकेला आपल्या तलावाची आठवण झाली. कागदावर तोही शाबूत होता.

ऑक्टोबरात, तलाव भरला असताना, ती सोसायटीच्या सहा सभासदांबरोबर काठाने फिरली. हातात फोन, त्यात जीपीएसची नोंद. त्याच आठवड्याच्या सेंटिनेल चित्रावर आखलेली रेषा आणि पायवाटेची रेषा बहुतेक ठिकाणी एकमेकींवर पडली. जिथे पडली नाही तिथे बेशरम होते. मोहाच्या झाडाशी ते म्हातारे सभासद थांबले आणि म्हणाले, "हे पण लिवा." झाडाचा बिंदू घेतला. तिथून आजचे पाणी एकशे दहा मीटर दूर होते. दुरुस्त नकाशा, मोजण्याची पद्धत आणि आधीचा आकडा चुकला असल्याची कबुली असा अर्ज तिने तालुक्याला दिला आहे. सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही.