फटफटीची ऑइलगळती

चाकणला १९९९ साली बजाजचा मोटारसायकल कारखाना निघाला, आणि आता आपल्या भागात फटफटी घरोघर झाली. खाली ऑइलचा थेंब दिसला की पुष्कळजण लगेच पाना घेऊन बोल्ट आवळतात. आमचे सांगणे, आधी गळती शोधा. गार इंजिन पुसून कोरडे करा, अंगाला लावायची पावडर भुरभुरवा, उघड्यावर पाच मिनिटे चालवा. ऑइल खाली ओघळते. सर्वांत वरची ओली जागा तेच मूळ. पुष्कळदा तळच्या ड्रेन बोल्टचा वॉशर दबलेला निघतो. ऑइल काढून नवा घाला, पण बेतानेच आवळा. बोल्ट पोलादी, चेंबर अॅल्युमिनियमचे. जोर केलात तर आटे गेलेच, मग वॉशरपायी चेंबर! इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर असते, ते उतरले की पिस्टन जाम. मागच्या टायरवर ऑइल दिसले तर गाडी बाहेर काढूच नका. काढलेले ऑइल पाटात ओतू नका, डब्यात ठेवा.