गणित आवडणाऱ्या मुलांसाठी लोकसंख्याशास्त्र

‘गणित आवडतं, पण त्यात पुढे शिक्षकच व्हायचं ना?’ हा प्रश्न पालक खऱ्या काळजीनं विचारतात. त्यांनी एकदा मुलासोबत कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

1971च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे 54.8 कोटी होती. आधीच्या दशकातली वाढ 24.8 टक्के. म्हणजे दर दशकाला गुणक 1.248. आठवीतल्या चक्रवाढ व्याजाचंच हे सूत्र. घातांक शून्य घेतला तर 1971चाच आकडा येतो, उणे 1 घेतला तर 1961चे 43.9 कोटी. आता 2011साठी घातांक 4 घ्या. उत्तर येतं सुमारे 133 कोटी. जनगणनेत मात्र मोजले गेले 121 कोटी.

बारा कोटींचा फरक! 2011मध्ये अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी होती.

गुणाकार बरोबर होता. वाढीचा दर तोच राहील हे गृहीतक टिकलं नाही. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, बालमृत्यू घटले, कुटुंबं लहान झाली. 2001 ते 2011 या दशकात वाढ 17.7 टक्क्यांवर आली. त्यातही ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढला आणि रत्नागिरी जवळपास 5 टक्क्यांनी घटला. रत्नागिरीचा गुणक एकापेक्षा कमी, 0.95. शाळा कुठे हव्यात, पाण्याची योजना केवढी हवी, हे अशाच आकड्यांवरून ठरतं. चुकीच्या गुणकावर आखलेल्या योजनेची किंमत माणसं मोजतात.

हा फरक पाहून मुलानं ‘असं का झालं?’ विचारलं, तर त्याच्या गुणपत्रिकेपेक्षा त्या प्रश्नाकडे लक्ष द्या; लोकसंख्याशास्त्र तिथूनच सुरू होतं. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे; तिची स्थापना 1956ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रं तिच्याकडेच असतात. तिथल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्राच्या पदवीधरांनाही वाव आहे. संख्याशास्त्र घेतलेल्यांना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय सांख्यिकी सेवेत जाता येतं. विमा क्षेत्रात ॲक्च्युअरी, म्हणजे जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ, होता येतं, पण त्या परीक्षा पार करायला वर्षं लागतात. नुसत्या पगाराकडे बघून मुलाला तिकडे ढकलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अकरावीला ‘गणित सोड, टक्के वाढतील’ हा सल्ला मात्र घाईनं मानू नका. संख्याशास्त्राच्या पदवीसाठी अनेक महाविद्यालयं बारावीचं गणित मागतात.

पुढची जनगणना 2027ची आहे. 2011पासून अंतर 16 वर्षांचं, म्हणजे दशकाचा गुणक घेऊन पूर्णांक घातांक बसत नाही. वर्षाचा गुणक घ्या, घातांक 16 ठेवा. तो गुणक किती धरायचा आणि का, हे मुलाला ठरवू द्या. आलेला आकडा त्याच्या वहीत तारखेसह लिहून ठेवा. खरा आकडा जाहीर झाला की पडताळून बघता येईल.