मूल मठ्ठ नव्हे, कान तपासा

‘वर्गात लक्ष नाही, मठ्ठ आहे,’ अशी तक्रार घेऊन कोळीवाड्यातील आया येतात, तेव्हा मी आधी मुलाचा कान तपासतो. कान वाहत असला तरी ऐकू कमी येते. उपचारानंतरही बहिरेपणा राहिल्यास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. श्रीवर्धनकरांचा त्यात अख्खा दिवस मोडतो, तरी जावेच. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. केंद्र सरकारने २०२२ साली प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला. प्रत्यक्षात एकालाच अनेक शाळा फिराव्या लागतात. म्हणून गटसाधन केंद्रात स्वतः जाऊन मागणी करा. तोवर मुलाला पुढच्या बाकावर बसवावे आणि गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये.