रुग्णालये आणि तंत्रज्ञान : सहकार्याच्या अटी

मधुमेहामुळे डोळ्याच्या मागील पडद्याला इजा होते. आरंभी रुग्णाला तिची जाणीव होत नाही. दृष्टी मंदावू लागते, तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. पडद्याचे छायाचित्र वेळीच तपासून उपचार केल्यास येणारे अंधत्व बहुतांशी टाळता येते. परंतु रुग्ण असंख्य आणि नेत्रतज्ज्ञ मोजके, ही खरी अडचण आहे. ती दूर करण्यासाठी रुग्णालये व संगणक-तंत्रज्ञानाच्या कंपन्या एकत्र आल्या. त्यांचा अनुभव आपणांसही उपयुक्त ठरेल.

मदुराईचा सहभाग

डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराई येथे ११ खाटांनिशी अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पुढे या संस्थेसह भारतातील काही नेत्र रुग्णालयांनी गुगल कंपनीच्या संशोधनास साहाय्य केले. भारत व अमेरिकेतील १,२८,१७५ छायाचित्रांच्या आधारे संगणकाला रोगाची लक्षणे ओळखण्यास शिकविण्यात आले. प्रत्येक छायाचित्र तज्ज्ञांनी तीन ते सात वेळा तपासले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संगणकाची पारख तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. येथे गणनशक्ती कंपनीची होती. परंतु छायाचित्रे रुग्णांची आणि पारख डॉक्टरांची होती. म्हणूनच अशा सहकार्यात रुग्णालय हे केवळ गिऱ्हाईक नसून बरोबरीचे भागीदार असते.

थायलंडमधील अडचणी

हीच पद्धती २०१८-१९ मध्ये थायलंडमधील ११ आरोग्य केंद्रांत वापरून पाहण्यात आली, तेव्हा वेगळेच प्रश्न उभे राहिले. पुरेशी अंधारी खोली नसल्याने अनेक छायाचित्रे अस्पष्ट येत. सुमारे २१ टक्के छायाचित्रे संगणकाने तपासणीस अयोग्य ठरविली. अशा रुग्णांना दूरच्या तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागे. इंटरनेट मंद असले की रांगा खोळंबत. प्रयोगशाळेत अचूक ठरलेले साधन केंद्रातील जागा, वीज, मनुष्यबळ यांच्याशी जुळेलच असे नाही, हे यावरून दिसते.

लंडनचा इशारा

लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने २०१५ मध्ये डीपमाइंड कंपनीशी करार केला. मूत्रपिंडाच्या आकस्मिक विकाराची सूचना डॉक्टरांना त्वरित मिळावी, हा हेतू चांगलाच होता. तथापि सुमारे १६ लाख रुग्णांची माहिती कंपनीला देताना त्यांना याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती. जुलै २०१७ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी रुग्णालयाकडून कायद्याचे पालन झाले नसल्याचा निर्णय दिला. भारतातही डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये अधिनियम संमत झाला आहे.

करारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. गरज कोणाची : रुग्णांची की विक्रेत्याची?
२. आपल्याच केंद्रात, आपल्याच कर्मचाऱ्यांकडून चाचणी झाली आहे काय?
३. रुग्णाची माहिती कोणाकडे, कशासाठी व किती काळ राहणार? त्याला हे त्याच्या भाषेत सांगितले आहे काय?
४. दुरुस्ती, प्रशिक्षण व पुढील वर्षांचा खर्च कोण करणार?
५. दोष आढळलेल्या रुग्णाच्या उपचाराची सोय कोठे आहे?

यांतील अखेरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. निदान झाले, पण उपचार मिळाला नाही, तर रुग्णाची दृष्टी वाचत नाही. जिल्हा परिषद सदस्यांनी व रुग्ण कल्याण समित्यांनी हे प्रश्न आग्रहपूर्वक विचारल्यास यंत्र खऱ्या अर्थाने लोकांच्या उपयोगी पडेल.