घरची फळबाग : आमलकीचा एक धडा

ताज्या फलद्रव्यांसाठी वैद्याला बाजारावरच विसंबावे लागते. चरकोक्त च्यवनप्राशास ५०० आमलकी लागतात; ती केव्हा तोडली, किती दिवस साठवली, हे सांगणारा कोणी नसतो. म्हणून आवारात दीड गुंठा जागा असलेल्यांनी लहानशी फळबाग अवश्य करावी.

येथे आमची चूक प्रथम सांगतो. सन २००९ मध्ये आम्ही आवळ्याचे एकच कलम लावले. चौथ्या वर्षी झाड फुलांनी भरले, परंतु पुढे तीन वर्षे मूठभरही फळे लागली नाहीत. खते दिली, पाणी वाढविले, उपयोग शून्य. निदानच चुकले होते! आवळ्यात नर व मादी फुले एकाच झाडावर असली, तरी अनेक जातींत स्वपरागाने फलधारणा अत्यल्प होते. २०१६ मध्ये शेजारी दुसऱ्या जातीचे कलम लावले. ते फुलू लागल्यावर दोन्ही झाडे फळली. सात वर्षे मात्र वाया गेली.

तेव्हा कृष्णा व एन. ए. ७ अशी दोन भिन्न जातींची कलमे ६ मीटर अंतराने लावावीत. समोरच्या ओळीत डाळिंबाची दोन झाडे व एक कागदी लिंबू ४-४ मीटरवर बसते. दाडिमावलेहास व हिंगुळाच्या भावनेस घरचाच रस मिळतो. कोकणातील वैद्यांनी कोकमाचे कलमच घ्यावे. बियांच्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात, हे फुलेपर्यंत कळत नाही.

आवळ्यासाठी उन्हाळ्यात १ मीटर लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन तापू द्यावेत. वरची माती, कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड यांनी भरून आषाढात लागवड करावी. कलमाचा जोड मातीवर ठेवावा. जोडाखालील फुटवे वेळीच काढावेत, अन्यथा खुंटच वाढून बसतो.

आवळा वसंतात फुलतो. बारीक फळ पावसाळ्यापर्यंत सुप्त राहते व नंतर वाढते. म्हणून ग्रीष्मात फळ दिसत नाही एवढ्यावरून झाड वांझ ठरवू नये. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये, मधमाश्या दुरावतात. कार्तिकापासून पक्व फळे हाताने तोडावीत, झोडपू नयेत.

रोग्याप्रमाणे वृक्षाचीही प्रकृती आधी जाणावी, मग उपचार करावा, हेच आमचे वैद्यबंधूंना सांगणे.