कोण थांबेल, कोण नाही

चि. मेघास,


ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं. डोळ्याची रचना तुला परीक्षेसाठी पाठ झालेलीच आहे. नेत्र विभागात जन्म काढलेली मावशी म्हणून एवढंच सांगते: आजाराच्या नावाबरोबर तो किती दिवस थांबू शकतो, हेही डोक्यात ठेव. डॉक्टर रोज हाताशी असतीलच असं नाही. कोणाला पुढची तारीख द्यायची आणि कोणाला लगेच गाडीत बसवायचं, हे बऱ्याचदा तुलाच ठरवावं लागेल.

सुरुवात तक्त्यापासून. 6/60 म्हणजे निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसणारं अक्षर या माणसाला 6 मीटरवर यावं तेव्हा दिसतं. तेवढं लिहून मोकळी होऊ नकोस, पिनहोल लाव. त्या बारीक भोकातून खालच्या ओळी वाचल्या, तर बहुतेक चष्म्याचं काम. नाही वाचल्या, तर दुखणं आत आहे असं समज.

मोतीबिंदू थांबतो. भिंग गढूळ झालेलं असतं. ते कुठल्याही थेंबांनी निवळत नाही, शस्त्रक्रिया करून कृत्रिम भिंगच बसवावं लागतं. मात्र ‘पिकू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्याचा दाब वाढवू शकतो.

काचबिंदूत डोळ्याची नस सुकत जाते. दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पारा असतो. तो वाढला की धोका वाढतो, पण काहींची नस दाब ठीक असूनही सुकते. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची असते. ‘बरं वाटलं म्हणून थेंब बंद केले’ म्हणणारा दिसला, की त्याला तिथेच बसवून समजाव. आणि एखादी बाई लाल डोळा घेऊन आली, डोकं फुटतंय, उलट्या होतायत, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात म्हणाली, तर पित्त समजून घरी पाठवू नकोस. दाब एकदम चढलेला असू शकतो. तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाड.

तिरळं मूल ‘मोठं झालं की सुधारेल’ असं आजी सांगेल. ऐकू नकोस. वापरात नसलेला डोळा आळशी होतो आणि सात-आठ वर्षांनंतर त्याला ताळ्यावर आणणं कठीण जातं. मधुमेह्याला स्वच्छ दिसत असलं, तरी वर्षातून एकदा त्याचा पडदा तपासला गेलाच पाहिजे.

उसाचं पातं लागून कोणी आलं, तर आधी त्याच्या खिशातली थेंबांची बाटली मागून घे आणि वरचं नाव वाच. मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब निघाले, तर तिथल्या तिथे बंद कर. त्यांनी लाली उतरते, माणूस खूश होतो. पण बुबुळावर बुरशीची जखम असेल, तर ती आतून पोखरत जाते. भरली तरी फूल राहतं.

डोळ्यात चुना उडालेलं पोर आलं, तर केसपेपर राहू दे, नाव-गावही नंतर विचार. पापणी उलटून चुन्याचे कण ओल्या बोळ्याने काढ आणि सलाइनने, नसेल तर नळाच्या स्वच्छ पाण्याने, किमान अर्धा तास डोळा धूत राहा. मगच पुढे पाठव.

चिठ्ठीवर ‘उजवा’, ‘डावा’ पूर्ण अक्षरांत लिही. कुठल्या डोळ्यात कोणते थेंब घालायचे आणि परत कधी यायचं, हे पेशंटच्या तोंडून वदवून घे. म्हातारी माणसं मान हलवतात, ती समजलं म्हणूनच असं नाही; पुष्कळदा तुला उशीर नको म्हणून हलवतात.

तुझी,
मावशी